ऑफर लेटरचे दुसरे पान

प्रति,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रशिक्षण व प्लेसमेंट विभाग

विषय : स्टार्टअपमध्ये रुजू होणाऱ्या विद्यार्थ्यांना ऑफर लेटर वाचायला शिकवण्याबाबत



ऑफर लेटरमधला सीटीसीचा आकडा म्हणजे कंपनी एका माणसावर वर्षभरात जो काही खर्च करील, किंवा करू शकेल, त्या सगळ्याची बेरीज. त्यातला काही भाग दर महिन्याला बँकेत येतो, काही पाच वर्षांनी मिळू शकतो, काही परत करावा लागू शकतो आणि काहीचे रुपये कधीच होत नाहीत. महाविद्यालयाच्या फाटकावरच्या फ्लेक्सवर ही बेरीजच छापली जाते आणि घरी पेढे वाटले जातात तेही त्याच आकड्याचे. ज्या पानावर ही बेरीज फोडून दाखवलेली असते ते सहसा दुसरे पान असते, आणि ते कोणी वाचत नाही.

पुण्यातल्या एखाद्या स्टार्टअपचे बारा लाखांचे पत्र घेतले (आकडे नमुन्याचे, मांडणी नेहमीची), तर त्यात ८ लाख रुपये निश्चित वेतन, १ लाख कामगिरीनुसार, ५० हजार जॉइनिंग बोनस आणि २.५ लाखांचे ईसॉप असे चार तुकडे निघतात. निश्चित ८ लाखांत मूळ वेतन ४ लाख धरले, तर त्याच्या १२ टक्के, म्हणजे ४८ हजार, कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी आधीच त्यात मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे १९ हजार २४०, हीसुद्धा त्यातच. उरलेल्या ७ लाख ३२ हजार ७६० मधून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे ४८ हजार पीएफमध्ये जातात आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५०० रुपये कापला जातो. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. बाराने भागल्यावर महिन्याला हातात पडतात ५६ हजार ८५५ रुपये. बारा लाखांना बाराने भागून महिना एक लाख धरणाऱ्याने बाणेरला फ्लॅटचे भाडे आणि गाडीचा हप्ता त्याच हिशेबाने ठरवला असेल, तर पहिल्याच महिन्यात गणित कोलमडते.

पीएफचे पैसे कर्मचाऱ्याचेच असतात, तेव्हा ते गेले असे नव्हे. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी आहे. कायम नोकरीत ती सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते (नव्या कामगार संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला एक वर्ष पुरते), आणि स्टार्टअपमध्ये पाच वर्षे टिकणारा माणूस विरळा. जॉइनिंग बोनसला बहुधा अट असते : वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा. कामगिरीनुसार मिळणाऱ्या लाखाबाबत एकच प्रश्न उपयोगाचा ठरतो. गेल्या वर्षी ही रक्कम किती जणांना, किती टक्के मिळाली? उत्तर देताना एचआरची गाडी अडखळली, तर ते एक लाख बाजारातल्या तुरीच समजावेत.

आता ईसॉप. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून थोडे सावकाश पाहायला हवे.

ईसॉप हा शेअर नसतो. ठरलेल्या किमतीला भविष्यात शेअर विकत घेण्याचा तो हक्क असतो. हा हक्क एकदम मिळत नाही. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळण्याची पद्धत रूढ आहे, आणि कंपनी कायद्याच्या नियमांनुसार हक्क दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. अकराव्या महिन्यात नोकरी सोडणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. काही कंपन्या चार वर्षांच्या ईसॉपची पूर्ण किंमत पहिल्या वर्षाच्या सीटीसीत दाखवतात. वर घेतलेल्या नमुन्यातले अडीच लाख कोणत्या प्रकारचे आहेत, हे पत्रात वाचूनच कळते.

हक्क पक्का झाल्यावर तो वापरताना, म्हणजे शेअर प्रत्यक्षात घेताना, कर लागतो. समजा एक हजार ऑप्शन आहेत, ठरलेली किंमत १० रुपये आहे आणि त्या दिवशीचे शेअरचे मूल्यांकन ५०० रुपये आहे. फरकाचे ४ लाख ९० हजार रुपये त्या वर्षीचे उत्पन्न धरले जातात. ज्याला ३० टक्के दर लागू आहे, त्याला उपकरासह १ लाख ५२ हजार ८८० रुपये कर बसतो, शिवाय शेअरचे १० हजार. हातात येतो तो असा शेअर की जो बाजारात विकता येत नाही, कारण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात या करासाठी मुदतीची सवलत आली खरी, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरती आहे, आणि नोकरी सोडली की ती सवलतही संपते. नेमका नोकरी सोडतानाच बहुतेकांना हा निर्णय घ्यावा लागतो. कित्येक योजनांत राजीनाम्यानंतर ९० दिवसांच्या, काहींत ३० दिवसांच्या आत शेअर घ्या, नाहीतर हक्क बुडाला, असे कलम असते. खिशातून दीड लाख कर भरून न विकता येणारा कागद घ्यायचा की चार वर्षांची कमाई सोडून द्यायची, हा पेच पंचविशीतल्या मुलापुढे अचानक उभा राहतो. खरे तर तो पत्रावर सही झाली त्याच दिवशी ठरलेला असतो.

एक हजार ऑप्शन हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. कंपनीचे एकूण शेअर एक कोटी असतील तर एक हजार म्हणजे ०.०१ टक्का. एकूण किती, हे सांगायला जी कंपनी नकार देते तिच्या ईसॉपची किंमत शून्य धरून पगाराचा विचार करणे शहाणपणाचे. हा नियम कडक वाटेल, पण तो पाळल्याने नुकसान झालेले क्वचितच दिसते.

टक्का कळला तरी हिशेब पुरा होत नाही. गुंतवणूकदारांकडे सहसा प्राधान्य शेअर असतात आणि कंपनी विकली गेली तर त्यांचे पैसे आधी परत जातात. समजा गुंतवणूकदारांनी ८० कोटी घातले, त्यांचा वाटा ४० टक्के आहे, आणि कंपनी १०० कोटींना विकली गेली. ४० टक्क्यांचे ४० कोटी घेण्यापेक्षा ते आपले ८० कोटी परत घेणे पसंत करतील. उरलेले २० कोटी संस्थापक आणि कर्मचारी यांच्यात. ज्याच्याकडे ०.१ टक्का आहे तो मनात दहा लाख धरून बसलेला असतो. त्याला मिळतात सुमारे ३ लाख ३३ हजार. तीच कंपनी ७० कोटींना विकली गेली तर वर्तमानपत्रात ‘७० कोटींचा सौदा’ असा मथळा येईल आणि कर्मचाऱ्याच्या वाट्याला काहीच येणार नाही.

ईसॉप थोतांड आहे, असा याचा अर्थ नाही. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये नॅसडॅकवर नोंदली गेली तेव्हा तिचे पाचशेहून अधिक भारतीय कर्मचारी कोट्यधीश झाल्याचे कंपनीने सांगितले होते. त्याच्या दुसऱ्या टोकाला बायजूज आहे. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेली ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन्हीकडे माणसे हुशार होती, कामही भरपूर होते. म्हणून ईसॉप मिळाले तर उत्तम, पण घरखर्च, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे निश्चित वेतनातूनच भागले पाहिजेत.

पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो पगार येतो कुठून. ग्राहक देतो त्या पैशातून, की गुंतवणूकदाराने दिलेल्या पैशातून? गुंतवणुकीवर चालणारी कंपनी वाईट असते असे नाही. मात्र तिच्या तिजोरीत किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे हे विचारणे उद्धटपणाचे नाही, आणि चांगला संस्थापक ते सांगतोही. बाकी बरेच बाहेरूनच तपासता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची स्थापना, संचालक आणि थोडे शुल्क भरून ताळेबंदही पाहता येतो. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकले की तिने पीएफ कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे ते दिसते. पीएफ थकू लागला की पगार थकायला फार वेळ लागत नाही. हे प्लेसमेंट विभागाने प्रत्येक येणाऱ्या कंपनीबाबत आधीच पाहून ठेवले तर दोनशे मुलांचे काम दहा मिनिटांत होईल.

कंपनी बुडालीच तर कायदा कर्मचाऱ्याला वाऱ्यावर सोडत नाही, पण रांगेत मागे उभे करतो. दिवाळखोरी संहितेनुसार मालमत्ता विकून आलेल्या पैशातून प्रक्रियेचा खर्च वजा झाला की कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारणदार सावकार एका ओळीत येतात. ‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी त्यानंतर. सॉफ्टवेअर कंपनीकडे विकण्यासारखे असते काय? लॅपटॉप, खुर्च्या आणि कोणी घेतलाच तर कोड. दोन महिने पगार थकला की ‘पुढच्या राउंडनंतर सगळे एकदम देऊ’ यावर विसंबून न राहता दुसरीकडे शोध सुरू करावा.

बाँड आणि नोटिस पीरियड यांबद्दल मुलांमध्ये दोन टोकाच्या समजुती आहेत : एक, बाँडला कायद्यात काही अर्थ नाही, दुसरी, बाँड मोडला तर पोलीस येतील. दोन्ही चूक. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल असतो, त्यामुळे ‘सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ यासारखी अट सहसा टिकत नाही. पण नोकरीच्या काळातली किमान सेवेची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती आणि तिचा भरतीचा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला. प्रत्येक छोट्या कंपनीच्या बाँडला तोच न्याय लागेल असे नाही, कारण भरपाई वाजवी असावी लागते. तरीही सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचायलाच हवी. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे ठेवायला देऊ नये. याला अपवाद नाही, मग कंपनी कितीही मोठी असो.

इथवरचा मजकूर नोकरी सोडताना किंवा अडचणीत कामाला येतो. कारकीर्द घडते ती कामाने, आणि त्या बाबतीत स्टार्टअपचा खरा फायदा एकच आहे : नव्या माणसाला ग्राहक दिसतो. मोठ्या कंपनीत तिकीट येते, ते कोणीतरी पुसून, आवरून, इंग्रजीत लिहून पाठवलेले असते. दहा माणसांच्या कंपनीत ग्राहकाचा फोन थेट टेबलावर येतो.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरचे एक साधे उदाहरण पुरेसे आहे. नवा अभियंता रुपयांची रक्कम ‘फ्लोट’ या प्रकारात साठवतो, कारण रुपयांत दशांश असतो आणि पुस्तकात दशांशासाठी तोच प्रकार शिकवलेला असतो. संगणक ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी देतो, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मांडताच येत नाहीत. चाचणीत दहा बिले बरोबर येतात. महिन्याच्या शेवटी जीएसटीचा तक्ता काढला की मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाला एकूण बेरजेत तीन पैशांचा फरक दिसतो. तीन पैशांसाठी तो तासभर फोनवर असतो, आणि तो अगदी बरोबर असतो, कारण त्याला ती बेरीज जुळल्याखेरीज घरी जाता येत नाही. पैशांत पूर्णांक साठवावेत किंवा खास दशमान प्रकार वापरावा, पूर्णांकन प्रत्येक ओळीवर करायचे की एकूण रकमेवर हे आधी हिशेबनिसाला विचारावे, जुनी बिले बदलू नयेत तर दुरुस्तीची वेगळी नोंद करावी, इतके सगळे त्या एका फोनमधून शिकायला मिळते. ज्याने तो फोन घेतला तो पुढची पेमेंट प्रणाली वेगळ्या पद्धतीने बांधतो. ज्याला फक्त ‘राउंडिंग इश्यू, प्रायॉरिटी टू’ असे तिकीट मिळाले, तो एक ओळ बदलून मोकळा होतो.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते तेव्हा कार्यालयातल्या टेबल टेनिसची चौकशी न करता तीन गोष्टी विचाराव्यात. कोड रिव्ह्यू कोण करते? चालू प्रणाली रात्री बंद पडली तर कोण उठते? गेल्या महिन्यात नव्या माणसाने लिहिलेले काय ग्राहकापर्यंत पोहोचले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आमच्याकडे सगळे स्वतंत्रपणे काम करतात’ असे आले तर सावध व्हावे. स्टार्टअपचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे की शिकवायला कोणी नसते. वर्षानुवर्षे चुकीचे करत राहूनही अनुभवाची वर्षे वाढतच जातात, आणि तिसऱ्या वर्षी ‘सीनियर’ हे बिरुदही मिळते.

कोड लिहून देणारी एआय साधने आल्यापासून टंकण्याच्या भागाची किंमत घसरली आहे. तयार झालेला कोड वाचून त्यात काय चुकले हे सांगता येणे, लॉग वाचून दोषाचे मूळ शोधणे, डेटाबेसची क्वेरी मंद का चालते ते समजणे आणि चार ओळींत स्पष्ट लिहिणे या कामांची किंमत घसरलेली नाही. प्लेसमेंटच्या तयारीत कोड्यांचा सराव करून घेतला जातो, दुसऱ्याचा कोड वाचून घेतला जात नाही. एखादा मुक्त स्रोत प्रकल्प घेऊन त्यातला एक खरा दोष सत्रभरात दुरुस्त करायला लावला, तर विद्यार्थ्याला पहिल्या नोकरीत काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येईल.

नोकरी किती दिवसांनी बदलावी, यावर सगळीकडे पगारवाढीच्या भाषेत बोलले जाते. बदलल्यावर पगार जास्त वाढतो, हे खरेच आहे. पण स्वतः रचलेली गोष्ट वापरात येऊन, तिच्यातले दोष उघडे पडून, ती पुन्हा नीट करेपर्यंत थांबलेला माणूस जे शिकतो ते दर वर्षी कंपनी बदलणाऱ्याला मिळत नाही. या एका फेरीला साधारण दोन-तीन वर्षे लागतात. पगार वेळेवर होत असेल आणि शिकवणारे कोणी असेल, तर तेवढे थांबणे फायद्याचे.

स्वतःची कंपनी काढू पाहणाऱ्यांसाठी महाविद्यालयांत आता उद्योजकता कक्ष आहेत. १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया योजना सुरू झाल्यापासून स्पर्धा आणि बक्षिसेही वाढली. बक्षीस देणारा परीक्षक हा ग्राहक नसतो, एवढे मात्र तिथे सांगितले जात नाही. क्विक हीलची गोष्ट या बाबतीत जास्त बोलकी आहे. दहावीनंतर शिक्षण सोडलेले कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणक शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढणारे सॉफ्टवेअर लिहिले. ग्राहक आधीपासून दुकानात होता आणि दुखणे रोज समोर येत होते. कंपनीचे कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे नाव बदलून २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मोठा गुंतवणूकदार आला तो २०१० मध्ये, म्हणजे धंदा उभा राहिल्यावर.

मित्रामित्रांत कंपनी काढताना कागद करण्याचा संकोच वाटतो, आणि भांडण त्यामुळेच चिघळते. संस्थापकांचे शेअरही चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील, लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा असेल आणि मध्येच एमएससाठी परदेशी गेलेल्याचे काय होईल, हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावे. नोकरी करता करता उद्योग करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर रात्री बसून लिहिलेला स्वतःचा प्रकल्प म्हणजे पुढच्या वादाला निमंत्रण.

विभागांकडून अपेक्षा दोन आहेत. पहिली, कंपनी कॅम्पसवर येण्याआधी भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्ममध्ये सीटीसीच्या एका रकान्याऐवजी निश्चित वार्षिक वेतन, महिन्याला हातात पडणारी अंदाजे रक्कम, बाँडची मुदत व रक्कम, नोटिस पीरियड, आणि ईसॉप असल्यास कंपनीचे एकूण शेअर व नोकरी सोडल्यानंतर शेअर घेण्याची मुदत असे रकाने असावेत. हा फॉर्म मुलाखतीच्या आदल्या दिवशी सूचनाफलकावर लागावा.

दुसरी ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ या नियमाबद्दल. एक ऑफर मिळाली की विद्यार्थ्याचे नाव पुढच्या मुलाखतींच्या यादीतून काढले जाते. जास्तीत जास्त मुलांना संधी मिळावी हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण स्टार्टअपने रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे ढकलली किंवा ऑफरच मागे घेतली, तर तो विद्यार्थी ना इकडचा ना तिकडचा राहतो, आणि तोवर कॅम्पसचा हंगाम उलटलेला असतो. रुजू होण्याची तारीख ६० दिवसांहून अधिक पुढे गेली किंवा लेखी ऑफर ठरल्या मुदतीत आली नाही, तर त्याचे नाव आपोआप पुन्हा यादीत यावे, त्यासाठी अर्ज करावा लागू नये, आणि पदवीनंतरचे एक वर्ष त्याला विभागामार्फत येणाऱ्या मुलाखतींना बसता यावे, एवढी दुरुस्ती नियमात करता येण्यासारखी आहे.